छायाचित्रणाचा नित्यनेम

पर्वतीच्या पायऱ्या पहाटे चढणाऱ्या मंडळींत गेल्या काही वर्षांत एक नवा प्रघात पडला आहे. पूर्वी माथ्यावर पोचल्यावर मनुष्य घाम पुशी, देवदर्शन करी आणि उगवतीकडे तोंड करून दोन घटका उभा राही. आता तो प्रथम खिशातून मोबाईल काढतो. सूर्यबिंब दिसू लागले की दहापाच हात एकदम वर होतात, दहापाच चित्रे टिपली जातात, आणि सूर्य पुरता वर येण्यापूर्वीच मंडळी त्याच्याकडे पाठ करून ती चित्रे कशी उतरली हे न्याहाळण्यात दंग होतात. हे पाहून आमचे एक वयोवृद्ध स्नेही नेहमी म्हणतात, "प्रोफेसर, लोकांना आता सूर्योदय पाहावयाचा नसतो, तो पाहिला होता असा दाखला हवा असतो."

हा शेरा बोचरा आहे, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. तथापि एवढ्यावर प्रकरण निकालात काढणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्या मासिकांतून काव्य, नाटक, कादंबरी यांची चर्चा नित्य होते. चित्रकला व संगीत यांचाही परामर्श अधूनमधून घेतला जातो. परंतु ज्या एका कलेचे साधन आज घरोघर पोचले आहे, तिचा विचार आपण एक तर यंत्राचा खेळ म्हणून सोडून देतो, किंवा एखाद्या प्रदर्शनातील पारितोषिकप्राप्त वाघापुरता करतो. प्रस्तुत लेखात मला त्या वाघाविषयी काही सांगावयाचे नाही. रोज सकाळी घराबाहेर पडून, अथवा घराच्या मागील दारीच, निसर्गातील एखादी वस्तू छायाचित्रात टिपणे हा जो साधा छंद, त्याने मनुष्याला खरा आनंद मिळतो काय, आणि त्याच्या मनाची काही वाढ होते काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. या छंदावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, छायाचित्र हे यंत्राचे कर्तृत्व होय. कळ दाबणाराचा त्यात भाग तो काय? चित्रकाराला रेषा काढावी लागते, कवीला शब्द शोधावा लागतो. येथे मात्र बोटाच्या एका दाबाने सारे काम उरकते. दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. डोळ्यांनी जे पाहावयाचे ते यंत्राच्या स्वाधीन केले म्हणजे पाहण्याची शक्तीच क्षीण होते, असे त्याचे म्हणणे आहे. जे टिपून ठेवले ते लक्षात ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि टिपलेले पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.

पहिल्या आक्षेपाला उत्तर आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराने कृतीने देऊन ठेवले आहे. त्याने काढलेल्या व्यक्तिचित्रांचा प्रभाव हा त्या व्यक्तींवर पडणाऱ्या त्याच्या संमोहक छापेचा परिणाम होय, असे एका टीकाकाराने लिहिले होते. तेव्हा १९२२ साली स्टीग्लिट्झने कॅमेरा आकाशाकडे वळविला व पुढे अनेक वर्षे मेघांची चित्रे घेतली. मेघांवर कोणाची छाप पडणार? ते सर्वांच्या डोक्यावर सारखेच येतात आणि कोणाच्याही सांगण्यावरून थांबत नाहीत. असे असूनही त्याचे मेघ त्याचेच राहिले. कोठे उभे राहावे, केव्हा थांबावे, चौकटीत काय घ्यावे व काय गाळावे, हा निवाडा यंत्र करीत नाही. कवीचा शब्दही कोशात आधीपासून असतोच; तो उचलणे हेच त्याचे कर्तृत्व.

दुसरा आक्षेप इतक्या सहज परतविता येत नाही, कारण त्याला प्रयोगाचा आधार आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना वस्तुसंग्रहालयातून फिरविण्यात आले. काही वस्तू त्यांनी नुसत्या पाहावयाच्या व काहींची छायाचित्रे घ्यावयाची, अशी योजना होती. दुसऱ्या दिवशी विचारता असे आढळले की, ज्या वस्तूंची समग्र चित्रे घेतली होती, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवत होत्या. आमच्या वृद्ध स्नेह्यांना याहून बळकट पुरावा कोणता हवा? परंतु याच प्रयोगाचे उत्तरांगही ध्यानात घेतले पाहिजे. वस्तूच्या एखाद्या अंशावर कॅमेरा जवळ नेऊन त्या अंशाचे चित्र घेतले असता स्मरण उणावले नाही. इतकेच नव्हे, तर चौकटीबाहेर राहिलेला भागही लक्षात राहिला. म्हणजे दोष यंत्राचा नसून घाईचा आहे. सगळेच एका झडपेत पदरात पाडून घेण्याची जी हाव, ती दृष्टीला मारक होते. एका अंशापाशी थांबणारास यंत्र अपाय करीत नाही.

या थांबण्याचे एक उदाहरण आपल्याच घरचे आहे. छायाचित्रणाची विद्या आपल्याकडे काही काल आलेली नाही. मुंबईस १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, तिच्या प्रारंभीच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. पुढील पिढीत त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. ते छायाचित्रकार झाले, पुराणवस्तू खात्यात नोकरीस राहिले, छापखाना काढला. आणि १९११ च्या सुमारास ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहून या नव्या कलेने झपाटले गेले. अहोरात्र चित्रपट पाहणे व जागरणे यांमुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली होती व उपचारांनी ती परत आली, ही हकीकत त्यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'मुळे ते दादासाहेब फाळके म्हणून सर्वतोमुखी झाले. त्या चित्रपटाचा जो भाग कालौघातून वाचला, तो आपल्या पुण्यातच, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केला.

परंतु 'हरिश्चंद्रा'च्याही आधी फाळक्यांनी एक लहानसे काम केले होते, आणि माझ्या विषयाला तेच अधिक जवळचे आहे. १९१२ साली विलायतेहून परतल्यावर व तेथे सांगितलेला कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी कोणा राजाचे वा देवाचे चित्र घेतले नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभराहून अधिक काळ रोजच्या रोज त्या कुंडीचे चित्र घेतले. या चित्रांच्या मालिकेतून 'अंकुराची वाढ' हा लघुपट सिद्ध झाला. बी फुगते, कोंब मातीतून मान वर काढतो, वेल चढू लागतो, हे सारे प्रेक्षकांपुढे काही क्षणांत घडे. तो काही निवडक मंडळींना दाखविल्यावरच पुढील उद्योगासाठी कर्जाऊ भांडवल उभे राहिले. आपल्या चित्रसृष्टीचा इतिहास लिहिणारे या प्रसंगाला भांडवल मिळविण्याची युक्ती म्हणून दोन ओळी देतात व पुढे जातात. मला मात्र वाटते की, नुकतीच दृष्टी परत मिळालेल्या त्या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने महिनाभर रोज एका कुंडीपुढे उभे राहावे, यात त्या कलेचे सारे शिक्षण आहे. रोज पाहिले असता त्या रोपात कालच्याहून आज काही विशेष फरक दिसत नाही. ज्याला फरक पाहावयाचा आहे त्याला फरक न दिसणाऱ्या दिवशीही हजर राहावे लागते. कोणते एक चित्र त्यांतले उत्तम होते असे फाळक्यांना विचारले असते, तर त्या प्रश्नाला अर्थच उरला नसता. कारण तेथे कलाकृती म्हणजे ती अखंड मालिका होती.

समीक्षेच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. रोजच्या छायाचित्रणाचे परीक्षण आपण एकेका चित्रावरून करू लागलो तर बहुतेक चित्रे सामान्यच ठरतील. पोथीतील एकेक ओवी सुटी काढून पाहिली तर तीही कित्येकदा सामान्य वाटते. तिचे बळ मागील व पुढील ओवीत असते. वर्मांट संस्थानातील विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ पासून हिमस्फटिकांची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला व १९३१ साली मृत्यू येईपर्यंत अशी पाच हजारांहून अधिक चित्रे जमविली. विषयाच्या शोधात तो देशोदेशी फिरला नाही. आपल्या खेड्यात जे बर्फ पडे तेच त्याने पाहिले. त्यातील एक स्फटिक पाहून आपण 'सुंदर' म्हणतो, परंतु हजार पाहिल्यावर जे वाटते त्याला 'सुंदर' हा शब्द अपुरा पडतो.

आपल्या भाषेत 'छंद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मनाला लागलेला नाद, आणि दुसरा पद्याचे मोजमाप. हे दोन्ही अर्थ एका शब्दात वसावेत हे मला अर्थपूर्ण वाटते. अक्षरांचे बंधन नसेल तर पद्य उभे राहत नाही. तद्वतच नाद जेव्हा स्वतःला काही नियम लावून घेतो तेव्हाच त्याचा छंद होतो, एरवी ती नुसती चाळवाचाळव राहते. हे मी पुस्तकावरून सांगत नाही. स्वतः पुष्कळ चुकल्यावर सांगत आहे.

आमचे घर सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात आहे. मागील चौकात आड आहे व आडाला लागून एक उंबर. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सकाळी चालण्याची सक्ती केली, आणि मुलीने स्वतःचा जुना मोबाईल देऊन सुचविले की, चालताना कंटाळा येऊ नये म्हणून चित्रे काढावीत. पहिल्या महिन्यात मी पर्वती, तळजाई व वेताळ टेकडी येथे फिरून दररोज चाळीस-पन्नास चित्रे काढली. महिनाअखेर त्यांची संख्या हजारावर गेली, आणि एका रविवारी ती उघडून पाहता माझ्या ध्यानात आले की, यांतील बहुतेक चित्रे मी कोठे व कशासाठी काढली हे मलाच सांगता येत नाही. वृद्ध स्नेह्यांचा दाखला माझ्या हातात होता, आणि सूर्योदय मात्र एकही आठवत नव्हता.

त्या दिवशी फाळक्यांच्या कुंडीची आठवण झाली, आणि मी तीन नियम घालून घेतले. चित्र दिवसाला एकच काढावयाचे. ते मागील चौकातील उंबराचे, अथवा उंबरावर व त्याच्याखाली जे असेल त्याचेच काढावयाचे. आणि चित्राखाली त्या दिवशी दिसलेल्या एका गोष्टीची एक ओळ वहीत लिहावयाची. हे तीन नियम पाळणे फारसे अवघड नाही, असे प्रथम वाटले. प्रत्यक्षात पहिले पंधरा दिवस अत्यंत रटाळ गेले. उंबर तो उंबर; त्यात रोज नवे ते काय दिसावे? परंतु एकच चित्र काढावयाचे असल्यामुळे ते काढण्यापूर्वी झाडाभोवती दहा मिनिटे हिंडावे लागे, आणि त्या दहा मिनिटांनीच हळूहळू काम केले.

पन्नास वर्षे ज्या झाडाखाली वावरलो, त्याविषयी आपणांस किती थोडे ठाऊक होते, हे मला त्या वहीवरून कळले. उंबराचे फळ फांदीच्या टोकाला न लागता खोडालाच घोसांनी लगडते हे माहीत होते; परंतु त्याचे बहर वर्षातून अनेकदा येतात, आणि एका बाजूचे घोस पिकत असता दुसऱ्या बाजूस हिरवे कण नुकते फुटत असतात, हे मी कधी पाहिले नव्हते. पानांवर बारीक फोडांसारख्या गाठी येतात व त्यांत एका किडीची पिल्ले राहतात, हे नव्हते पाहिले. हिवाळ्यात झाड पाने ढाळते तेव्हा वरच्या वाळक्या फांदीतील एक वाटोळे भोक उघडे पडले, आणि त्यातून हिरव्या अंगाचा, लाल कपाळाचा तांबट पक्षी बाहेर आला. त्याचा टुक् टुक् आवाज मी लहानपणापासून ऐकत होतो, आणि तो कसबा पेठेच्या तांबट आळीतून येणारा ठोका असावा अशी बालपणीची माझी समजूत होती. पक्ष्याला ते नाव का पडले हे ठाऊक असूनही तो आपल्याच चौकात बिऱ्हाड करून आहे, याची मला दाद नव्हती.

या ठिकाणी मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या आईचे वय चौऱ्याऐंशी आहे. तिची दृष्टी मंद झाली असून मोबाईलच्या पडद्यावर चित्र मोठे करून दाखविले तरच तिला दिसते. एके दिवशी मी मोठ्या उत्साहाने तांबटाच्या ढोलीचे चित्र तिच्यापुढे धरले. ते पाहून ती म्हणाली, "अरे, यात नवल ते काय? तो दरसाल त्याच अंगाला ढोली करतो. आधीची फांदी पानशेतच्या पुराच्या साली मोडली, तेव्हापासून वरच्या फांदीवर गेलाय." पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. ती फांदी माझ्या जन्मापूर्वी मोडली होती! मी विचारले, "तुला हे कसं ठाऊक?" ती म्हणाली, "सासूबाईंनी दाखवलं होतं. आणि मी रोज प्रदक्षिणा घालत नव्हते का?"

औदुंबर हे दत्ताचे स्थान मानले जाते हे वाचकांस सांगणे नलगे. आमच्या घरातील बायकांनी दोन पिढ्या त्या झाडाला रोज प्रदक्षिणा घातल्या. आम्ही पदवीधर झालो, मिल व स्पेन्सर वाचले, आणि प्रदक्षिणा हा भाबडेपणा समजून सोडून दिला. मी ती भक्ती पुन्हा धरावी असे सुचवीत नाही. ज्याला जे पटत नाही ते त्याने करू नये. परंतु त्या नित्यनेमात आणखीही एक वस्तू होती, ती आम्ही भक्तीबरोबर टाकून दिली. रोज ठरल्या वेळी एका सजीव वस्तूभोवती सावकाश फिरणे, आणि ते करीत असता आपोआप तिच्याकडे लक्ष जाणे, ही ती वस्तू. माझ्या आईला कॅमेऱ्याची गरज लागली नाही, कारण तिला नित्यनेम होता. माझ्यासारख्या मनुष्याचे नित्यनेम सुटले आहेत. त्याला झाडापुढे उभे राहावयास काही निमित्त लागते. कॅमेरा हे ते निमित्त होय, याहून त्याचा अधिक मोठेपणा सांगण्याची जरूर नाही आणि यापेक्षा कमीही सांगू नये.

चित्राखालच्या एका ओळीचाही मी आग्रह धरतो, त्याचे कारण वाङ्मयीन आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यात चैत्रापासून महिन्यामहिन्याने निसर्गाचे रूप पालटत जाते. त्यातील सौंदर्याची तारीफ सारेच करतात. परंतु त्यामागे किती दिवसांची किती साधी हजेरी असली पाहिजे, याचा विचार थोडे करतात. किरण पुरंदरे यांचे 'मुठेवरचा धोबी' हे पुस्तक विठ्ठलवाडीजवळच्या नदीकाठचे आहे. म्हणजे पुण्याच्या वेशीतच ज्याला पाहावयाचे त्याने पाहिले. २०२५ साली दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली यांना वनखात्याच्या नोकरीमुळे रान लाभले. परंतु रानात नोकरी करणारे पुष्कळ होते आणि त्यांपैकी चितमपल्ली एकच झाले. या लेखकांच्या हाती जे साधन होते ते शब्दाचे. चित्र रंग सांगते, आकार सांगते. वास, आवाज, काल काय होते व आज काय नाही, हे ते सांगू शकत नाही. नुसत्या चित्रांचा ढीग मुका असतो. तिथी, वेळ व एक वाक्य त्याला जोडले की तो बोलू लागतो.

अशा नोंदींचे मोल केवळ नोंद करणारापुरतेही नसते. अमेरिकेतील कॉनकर्ड गावी थोरोने १८५० नंतरच्या दशकात रानफुले केव्हा उमलतात याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. दीडशे वर्षांनी बोस्टन विद्यापीठातील रिचर्ड प्राइमॅक व त्यांचे सहकारी यांनी त्याच गावच्या फुलांशी त्या ताडून पाहिल्या, तेव्हा हवा तापल्यामुळे अनेक फुले पूर्वीपेक्षा लवकर उमलू लागल्याचे दिसून आले. थोरोला हा उपयोग ठाऊक नव्हता. त्याने पाहिले व प्रामाणिकपणे लिहिले, एवढेच.

आता आत्मविकासाविषयी. या शब्दाचा हल्ली इतका सढळ उपयोग होतो की तो उच्चारताना संकोच वाटतो. रोज चित्र काढल्याने मनुष्य सद्गुणी होतो, त्याची चिंता नाहीशी होते, इत्यादी जे सांगितले जाते त्याची जबाबदारी मी घेत नाही. मला स्वतःला जे अनुभवास आले ते इतकेच. एक तर, नीरस दिवसाविषयीची माझी नावड कमी झाली. दुसरे, नाव ठाऊक नसलेल्या वस्तूपुढे 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याची सवय लागली. तीस वर्षे वर्गात शिकविणाराला ही सवय किती दुर्मिळ असते ते शिक्षक वाचक जाणतील. तिसरी गोष्ट सांगण्यास थोडी लाज वाटते. परीक्षेच्या कामासाठी मला गेल्या वर्षी चार दिवस परगावी जावे लागले. मालिका खंडित होऊ नये म्हणून जाण्यापूर्वी मी एकाच सकाळी पाच चित्रे काढली व त्यांवर पुढील चार दिवसांच्या तारखा घातल्या. कोणाला ते कळण्यासारखे नव्हते. परत आल्यावर पाहतो तो झाडाखाली जोराच्या वाऱ्याने पडलेल्या पानांचा सडा! माझ्या वहीतील चार दिवस शांत होते आणि झाडाचे तसे नव्हते. त्या चार तारखा मी खोडल्या व तेथे 'हजर नव्हतो' असे लिहिले. आज माझ्याकडे सातशे तीस दिवसांपैकी सातशे अकरा दिवसांची चित्रे आहेत, आणि एकोणीस दिवस कोरे आहेत. त्या कोऱ्या दिवसांचाही मला आता अभिमान वाटतो, असे म्हटल्यास वाचक हसणार नाहीत अशी आशा आहे.

या छंदाला धोकेही आहेत. त्यांतला पहिला म्हणजे वाहवा. चित्र समाजमाध्यमावर टाकले की किती जणांना ते आवडले याचा आकडा लगेच दिसू लागतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण झाडाकडे पाहण्याऐवजी त्या आकड्याकरिता पाहू लागतो. मी काही दिवस हे केले व सोडले. दुसरा धोका याहून वाईट. चांगल्या चित्राच्या लोभाने घरट्याजवळ जाणे, फांदी वाकविणे, पिल्लांवर उजेड टाकणे, हे प्रकार सर्रास चालतात. असे केल्याने पाखरू कायमचे घरटे सोडून जाऊ शकते. ज्या चित्रासाठी विषयाला इजा होते ते चित्र कितीही देखणे असले तरी मी ते कलेच्या कोटीत धरणार नाही. तिसरा धोका साठ्याचा आहे, आणि त्याला दिवसाला एक चित्र हाच उपाय.

हे सर्व लिहीत असता आमच्या वाड्यासंबंधी बोलणी चालली आहेत. सदाशिव पेठेतील वाडे एकेक करून जात आहेत. आमच्याही भाऊबंदांनी वाडा पाडून तेथे नवी इमारत बांधून घ्यावी असे ठरविले आहे, आणि त्यांची अडचण मला समजते. छत गळते, जिना झिजला आहे, माणसे वाढली आहेत. नकाशात आडाच्या जागी वाहने उभी करण्याची सोय दाखविली आहे, आणि उंबराच्या जागी काहीच दाखविलेले नाही. गेल्या महिन्यात झाडाची माहिती भरावयाचा एक कागद आला. झाडाची जात, अंदाजे वय, घेर, त्यावर घरटी आहेत काय, असे प्रश्न त्यात होते. चार सुशिक्षित भाऊ त्या कागदाभोवती बसलो, आणि उत्तरे दोघांनीच दिली: माझ्या वहीने व माझ्या आईने. घरटी आहेत काय, या प्रश्नापुढे कोणीतरी सवयीने 'नाही' असे लिहिले होते. मी ते खोडून 'आहेत' असे लिहिले व त्याला सातशे अकरांपैकी नऊ चित्रे जोडली.

झाड राहील की जाईल हे अद्याप ठरलेले नाही. धाकट्या भावाने ती चित्रे संपूर्ण पाहिली, आणि नकाशा काढणाराला उंबर वाचवून आखणी करता येईल काय असे विचारतो म्हणाला. यापलीकडे अजून काही झालेले नाही. चित्रांत झाड राहीलच असे म्हणून पुष्कळ लोक माझे समाधान करतात. मला ते समाधान पटत नाही. फाळक्यांच्या कुंडीतील वेल पडद्यावर वाढला म्हणून कोणाच्या भाजीला वाटाणे मिळाले नाहीत. चित्र हे झाडाच्या जागी उभे राहू शकत नाही. ते एवढेच करू शकते की, झाड उभे आहे तोवर आपणांस त्याच्यापुढे उभे करते, आणि जेव्हा कोणी विचारतो तेव्हा खरे उत्तर देण्याइतके आपणांस त्याच्याविषयी ठाऊक असते.

क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या मनुष्याला आपण उंबराचे फूल म्हणतो. वस्तुतः उंबराची फुले मुळीच दुर्मिळ नाहीत. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या पोटात ती शेकड्यांनी असतात, आणि एक अतिसूक्ष्म कीटक बारीक छिद्रातून आत शिरून त्यांचे परागण करतो. ती दिसत नाहीत याचे कारण आपण फळ कापून आत पाहिलेले नसते. मागील आठवड्यात मी एक पडलेले उंबर कापले, आतल्या फुलांचे चित्र घेतले आणि आईला मोठे करून दाखविले. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. एवढी वर्षे प्रदक्षिणा घालून हे मात्र तिने पाहिले नव्हते. मग तिने विचारले, "उद्या काय काढणार आहेस?" उद्याचे अद्याप मला ठाऊक नाही. सकाळी साडेसहाला चौकात गेल्यावर कळेल.